रुग्ण खूश, डॉक्टर साशंक: समाधानाचे पेपर वाचायचे कसे?

पेटचा निकाल लागला की सिनॉप्सिससाठी विषय शोधायची धावपळ सुरू होते, आणि एक विषय हमखास कुणीतरी घेऊन येतंच: टेलिमेडिसिन आणि रुग्णांचं समाधान. वरवर विषय अगदी सोपा वाटतो. गूगल फॉर्म बनवायचा, दोनशे जणांकडून भरून घ्यायचा, एसपीएसएसमध्ये टक्केवारी काढायची, ‘बहुसंख्य रुग्ण समाधानी आढळले’ असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं.

हे इतकं सोपं का नाही, ते आज या विषयाचा एक छोटा कोपरा धरून बघू. कोपरा म्हणजे स्पोर्ट्स मेडिसिन: खेळाडूंच्या दुखापती आणि त्यांची व्हिडिओवरची तपासणी. हाच का? कारण इथे डॉक्टरांचे हात लागतात. त्वचेचा डाग फोटोत दिसतो, रक्तातली साखर मीटर सांगतो, पण गुडघ्यातली लिगामेंट तुटली आहे की नुसती ताणली गेली आहे हे बरेचदा हातालाच कळतं. आणि नेमक्या याच शाखेतले रुग्ण व्हिडिओ तपासणीबद्दल भरभरून समाधान नोंदवतात. म्हणजे आपल्याला वाचायला छान कोडं मिळालं.

थोडी पार्श्वभूमी. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे जगभरातल्या ओपीडी एका झटक्यात रिकाम्या झाल्या. अमेरिका-युरोपातल्या ऑर्थोपेडिक्स आणि स्पोर्ट्स मेडिसिनच्या विभागांनी काही आठवड्यांत आपल्या बऱ्याचशा अपॉइंटमेंट व्हिडिओवर नेल्या. आपल्याकडे २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स आल्या आणि डॉक्टरांना व्हिडिओ, फोन किंवा मेसेजवरून सल्ला देण्याबद्दल पहिल्यांदाच स्पष्ट चौकट मिळाली. पाठोपाठ पेपरांचा पाऊस पडला, आणि त्यातले बरेचसे एकाच साच्याचे: व्हिडिओ अपॉइंटमेंट झाली, रुग्णाला लिंक पाठवली, पाच-सात प्रश्न, पाच पर्याय. डॉक्टरांनाही तसाच एक फॉर्म. रुग्णांचं समाधान भरपूर, डॉक्टरांचंही बऱ्यापैकी, फक्त ‘तपासणी पुरेशी झाली का’ या प्रश्नाशी आलं की डॉक्टर जरा अडखळतात. असा निष्कर्ष तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल.

हे अडखळणं मला या सगळ्या साहित्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. पण पेपरात ते बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेलं असतं, म्हणून आधी ते नीट समजून घेऊ.

हाताला काय कळतं?

समजा, सांगलीकडची एक कबड्डीपटू आहे. चढाई करून परतताना पाय जमिनीला रोवलेला, शरीर वळलं, गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला आणि तासाभरात गुडघा सुजला. हे वर्णन ऐकल्यावर कुठल्याही स्पोर्ट्स डॉक्टरच्या मनात पहिली शंका येते ती एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या आत तिरपी जाणारी, पोटरीच्या हाडाला पुढे सरकू न देणारी लिगामेंट.

ती तुटली आहे का हे पाहण्यासाठी लॅकमन टेस्ट करतात. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले जॉन लॅकमन यांचं हे नाव; टेस्ट छापून जगासमोर आणली ती त्यांचे विद्यार्थी जोसेफ टॉर्ग आणि सहकाऱ्यांनी, १९७६ मध्ये. रुग्ण उताणा, गुडघा २० ते ३० अंशांत वाकवलेला. डॉक्टर एका हाताने मांडी घट्ट धरतात आणि दुसऱ्या हाताने गुडघ्याखालचा भाग पुढे ओढतात. लिगामेंट शाबूत असेल तर हाड थोडं पुढे येऊन पक्कं अडतं. तुटली असेल तर ते जास्त पुढे येतं आणि अडण्याची ती जाणीवच मऊ, गुळगुळीत होते. किती पुढे आलं हे कदाचित कॅमेऱ्यात दिसेलही, पण ‘कसं अडलं’ हे दिसत नाही. ते हाताचं ज्ञान आहे. स्वतःच्या गुडघ्यावर ही टेस्ट करता येत नाही, आणि व्हिडिओवर आईला किंवा मैत्रिणीला शिकवून करून घेण्यात अर्थ नाही.

याचा अर्थ व्हिडिओवर काहीच होत नाही असा मात्र नाही. २०२० मध्येच मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ‘मेयो क्लिनिक प्रोसीडिंग्ज’मध्ये स्नायू-सांध्यांची तपासणी व्हिडिओवर कशी करायची याची सविस्तर पद्धत मांडली. त्यांच्या आणि त्या वर्षी आलेल्या अशा इतर लेखांमधल्या युक्त्या वाचायला मजा येते. कॅमेरा कुठे ठेवायचा, चालताना समोरून आणि बाजूने कसं दाखवायचं, दुखणारी जागा एकाच बोटाने कशी दाखवायला सांगायची, खांदा किती वर जातो हे स्क्रीनवर कसं मोजायचं, ताकद बघायला माहीत असलेल्या वजनाची घरातली वस्तू कशी उचलायला लावायची. एका पायावर अर्धवट बसायला सांगितलं की गुडघा आत झुकतो का हे तर समोरासमोर दिसतं तितकंच व्हिडिओवरही दिसतं. जुनाट दुखणी, व्यायामाचा आढावा, ऑपरेशननंतरची विचारपूस, एमआरआयच्या रिपोर्टवरची चर्चा: ही कामं व्हिडिओवर चांगली होतात.

मधल्या पट्ट्यात काही गमतीदार गोष्टी आहेत. घोटा मुरगळल्यावर एक्स-रे काढायचा की नाही यासाठी १९९२ मध्ये कॅनडातल्या ऑटावात इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी नियम तयार केले, ऑटावा अँकल रूल्स. थोडक्यात सांगायचं तर, घोट्याच्या भागात दुखत असेल आणि त्यासोबत हाडाच्या मागच्या कडेला, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये दाबल्यावर दुखत असेल किंवा दुखापतीनंतर आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं चालता येत नसेल, तर एक्स-रे काढा. चार पावलं व्हिडिओवर चालून दाखवता येतात. दाबणं रुग्ण स्वतः करू शकतो. मग नियम व्हिडिओवरही लागू? इथे थांबा, कारण रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात विचारावा असा हा प्रश्न आहे. ते नियम पडताळले गेले प्रशिक्षित डॉक्टरांच्या बोटांनी. रुग्ण स्वतःचा दुखरा घोटा दाबताना तेवढंच जोरात, नेमक्या तिथेच दाबेल का? एका परिस्थितीत मिळालेली व्हॅलिडिटी दुसऱ्या परिस्थितीत आपोआप सोबत येत नाही, ती पुन्हा तपासावी लागते. सिनॉप्सिससाठी विषय शोधताय ना? समाधानापेक्षा हा विषय लहान आहे, मोजायला सोपा आहे आणि जास्त उपयोगाचा आहे.

समाधानी, पण कशाच्या तुलनेत?

आता आपली कबड्डीपटू सांगलीत आहे आणि डॉक्टर पुण्यात. मधे सव्वादोनशे किलोमीटर. व्हिडिओ नसता तर तिला सुजलेला गुडघा घेऊन एसटीत बसावं लागलं असतं, सोबत घरच्यांपैकी कुणाला तरी रजा घ्यावी लागली असती, आणि पुण्यात पोचल्यावर ओपीडीबाहेर तासभर बसावं लागलं असतं. व्हिडिओवर डॉक्टर पंधरा मिनिटांत बोलले. तिला विचारलं ‘समाधानी आहात का?’ ती म्हणणारच, ‘हो, खूप.’

यात खोटं काही नाही. पण हे समाधान प्रवास वाचल्याचं आहे, तपासणीचं नाही, आणि प्रश्नावलीत दोन्ही एकाच ५ मध्ये मिसळून गेले. डॉक्टरांनी काही वाचवलं नाही. त्यांच्या डोक्यात तुलना वेगळीच चालू असते, ‘ती समोर असती तर मी गुडघा हातात घेतला असता.’ एकाच भेटीबद्दल दोघं उत्तर देतात, पण प्रत्येकाच्या मनातला पर्याय निराळा. रुग्ण आणि डॉक्टरांच्या आकड्यांतली तफावत बरीचशी इथून येते असं माझं मत आहे. पेपर वाचताना मी आधी हेच शोधतो, की तुलनेचा गट आहे का, आणि असेल तर तो कोणी निवडला. निवड क्लिनिकने केली असेल तर साध्या, व्हिडिओला जमणाऱ्या केसेस व्हिडिओवर गेल्या आणि निखळलेले खांदे प्रत्यक्ष आले, असं झालेलं असतं. मग दोन गटांची तुलना कशाची?

याचं उत्तर रँडमायझेशन. आणि कोविडच्या आधीच, कुठलीही सक्ती नसताना, नॉर्वेत हे करून झालं होतं. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला ट्रॉम्सो इथे मोठं विद्यापीठ रुग्णालय आहे. शेकडो किलोमीटरवर आल्टा नावाचं गाव, तिथे विभागीय वैद्यकीय केंद्र. ॲस्ट्रिड बुविक आणि सहकाऱ्यांनी ३८९ ऑर्थोपेडिक रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली: काहींची तपासणी आल्टातून व्हिडिओवर, काहींची ट्रॉम्सोला प्रत्यक्ष. डॉक्टरांनी केलेलं मूल्यमापन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. व्हिडिओवरची तपासणी प्रत्यक्ष तपासणीपेक्षा कमी दर्जाची ठरली नाही. रुग्णांच्या समाधानातही दोन गटांत फरक आढळला नाही, आणि व्हिडिओ गटातल्या बहुसंख्यांनी पुढच्या वेळीही व्हिडिओच हवा असं सांगितलं. खर्चाचा वेगळा हिशोब २०१९ मध्ये आला: वर्षाला साधारण १५१ पेक्षा जास्त सल्ले होत असतील तर समाजाच्या एकूण खर्चाच्या दृष्टीने व्हिडिओ परवडतो.

वाचताना वाटतं, चला, प्रश्न मिटला. पण मेथड्सचा भाग उघडा. आल्टातला रुग्ण घरी सोफ्यावर मोबाइल धरून बसलेला नव्हता. तो वैद्यकीय केंद्रात होता, त्याच्या शेजारी प्रशिक्षित नर्स होती, एक्स-रेची सोय तिथेच होती. डॉक्टरांचे हात नव्हते, पण हात होते. म्हणजे ‘व्हिडिओ तपासणी’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपतात. हा अभ्यास उद्धृत करून ‘घरबसल्या मोबाइलवरून सांध्यांची तपासणी सुरक्षित आहे’ असं लिहिणं म्हणजे अभ्यासाने न सांगितलेली गोष्ट त्याच्या तोंडी घालणं.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच नावाच्या छताखाली आहेत, हे बघा. सी-डॅक मोहालीने बनवलेल्या ई-संजीवनीचा एक भाग असा की आरोग्यवर्धिनी केंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाच्या शेजारी बसून वरच्या डॉक्टरांशी जोडून देतो. हा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. दुसरा भाग ई-संजीवनी ओपीडी, एप्रिल २०२० चा, त्यात रुग्ण घरूनच थेट जोडला जातो. पहिला आल्टाच्या जवळ जातो, दुसरा नाही. महाराष्ट्रात या विषयावर काम करायचं असेल तर ‘ई-संजीवनी वापरणाऱ्यांचं समाधान’ असा एकत्र डेटा गोळा करू नका. दोन भाग वेगळे ठेवलेत तर तुलनेचा गट आयताच हाती येईल.

‘समाधान’ नावाचा निसरडा शब्द

२००० साली, म्हणजे झूम वगैरे जन्मायच्या कितीतरी आधी, फ्रान्सिस मेअर आणि पामेला व्हिटन यांनी ‘बीएमजे’मध्ये टेलिमेडिसिनमधल्या रुग्णसमाधानाच्या ३२ अभ्यासांचा आढावा घेतला होता. बहुतेक सगळीकडे रुग्ण समाधानी. आणि बहुतेक सगळीकडे पद्धतीत उणिवा: छोटे सॅम्पल, आधीच निवडलेले रुग्ण, समाधान म्हणजे नेमकं काय याची व्याख्याच नाही. वीस वर्षांनी कोविडच्या लाटेत तसेच पेपर पुन्हा आले. मला याची गंमतही वाटते आणि थोडा वैतागही येतो.

त्याहून आवडीचा माझा पेपर १९९८ चा, ब्रायन विल्यम्स आणि सहकाऱ्यांचा. ब्रिटनमध्ये मानसिक आरोग्य सेवा घेणाऱ्यांनी फॉर्मवर ‘समाधानी’ लिहिलं होतं. यांनी त्यांच्याशी सविस्तर बोलून पाहिलं. तेव्हा त्याच लोकांनी वाईट अनुभवही सांगितले! मग समाधानी कसे? कारण माणूस अनुभवापासून मतापर्यंत जाताना मधे दोन प्रश्न विचारतो. हे करणं त्यांचं काम होतं का? आणि झालं नाही, तर त्यात त्यांचा दोष होता का? आपल्या भाषेत सांगायचं तर, ‘अहो, एवढी गर्दी, डॉक्टर तरी काय करणार’. हे म्हटलं की वाईट अनुभव मनात राहतो, पण फॉर्मवर गुण कापले जात नाहीत. आता कोविडच्या दिवसांतला व्हिडिओ कॉल आठवा. आवाज तुटतोय, चित्र अडकतंय, गुडघा नीट दिसत नाहीये. दोष कुणाचा? नेटवर्कचा, साथीचा. डॉक्टर बिचारे वेळ देतायत हेच खूप. पाचपैकी पाच.

यातून मोजमापाची अडचण येते तिला सीलिंग इफेक्ट म्हणतात. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली ती पट्टी आपण सर्रास वापरतो, १ ते ५. सगळेच ४ आणि ५ वर टेकले तर पट्टी छताला लागली; त्याच्यावर चांगल्या आणि फार चांगल्यातला फरक दिसण्याची सोयच उरत नाही. मग सरासरी ४.६ विरुद्ध ४.५ यात फरक आढळला नाही असं लिहिलं जातं, आणि वाचणारा समजतो की दोन्ही सेवा सारख्या. कदाचित पट्टीच आखूड असेल.

फॉर्म किती जणांनी भरला हे तर पहिल्यांदा बघा. बनवलेलं उदाहरण घेऊ. ३०० जणांना लिंक पाठवली, १२० जणांनी भरली, त्यातले १०८ समाधानी. ठळक आकडा: ९० टक्के. न भरणारे १८० जण कुठे गेले? ते सगळेच नाराज असतील तर खरं समाधान १०८ भागिले ३००, म्हणजे ३६ टक्के. सगळेच खूश असतील तर ९६ टक्के. खरं उत्तर मधे कुठेतरी असणार. ज्याचा कॉल लागलाच नाही त्याला बहुतेक वेळा फॉर्मही जात नाही, हे त्यात आणखी. ३०० मध्ये तो नाहीच.

खेळाडूंच्या बाबतीत एक खास गुंता असतो, तो इतर शाखांच्या पेपरात सापडणार नाही. खेळाडू डॉक्टरकडे येतो तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो: रविवारची मॅच खेळू का? ‘खेळ’ म्हटलं की समाधान. ‘सहा आठवडे थांब’ म्हटलं की कितीही नीट समजावलं तरी तोंड वाकडं. म्हणजे समाधानाचा आकडा सेवेच्या दर्जासोबत उत्तर काय मिळालं यावरही हलतो. आणि व्हिडिओवर अंदाज कमी असेल तर सावध डॉक्टर ‘आधी प्रत्यक्ष येऊन दाखव, तोवर खेळू नको’ म्हणणार. चांगला वैद्यकीय निर्णय, कमी गुण. उलट एखादा ‘काही नाही, पट्टी बांध आणि खेळ’ म्हणाला तर गुण पूर्ण, आणि आधीच तुटलेल्या एसीएलवर खेळताना मेनिस्कसही फाटायचा धोका. फॉर्म त्याच संध्याकाळी भरलेला असतो, फाटणं पुढच्या महिन्यात.

समाधान आणि हित वेगळ्या दिशेला जाऊ शकतात याचा एक गाजलेला अभ्यास २०१२ चा आहे. जोशुआ फेंटन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पन्नास हजारांहून जास्त प्रौढांचा डेटा पाहिला. सर्वाधिक समाधानी गटात रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण, खर्च आणि मृत्यूचं प्रमाणही जास्त निघालं. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, यावरून ‘समाधानामुळे माणसं मरतात’ असं कुणी लिहू नका, व्हायवाला सोलून काढतील. पण समाधानाला दर्जाचं मोजमाप म्हणून डोळे झाकून वापरू नये, एवढं त्यातून नक्की निघतं.

९५ टक्के आणि ९५ टक्के

आता डॉक्टर आणि रुग्ण दोघांचाही डेटा असलेल्या पेपरांकडे येऊ. बरेचदा निकाल असे छापतात: रुग्ण ९५ टक्के समाधानी, डॉक्टर ९५ टक्के समाधानी, दोघांत उत्तम एकमत. एक काल्पनिक तक्ता डोळ्यांसमोर आणा. १०० भेटी. ९० मध्ये दोघं समाधानी. ५ मध्ये रुग्ण समाधानी, डॉक्टर नाही. ५ मध्ये डॉक्टर समाधानी, रुग्ण नाही. दोघंही नाराज अशी भेट एकही नाही.

दोन्ही बाजूंची टक्केवारी ९५. शंभरात नव्वद वेळा एकमत. झकास! आता जेकब कोहेन यांची १९६० ची कप्पा काढा. नुसत्या योगायोगाने अपेक्षित एकमत किती? ०.९५ गुणिले ०.९५, अधिक ०.०५ गुणिले ०.०५, म्हणजे ०.९०५. प्रत्यक्ष एकमत ०.९०. कप्पा येते उणे ०.०५. शून्याच्याही खाली. नव्वद टक्के एकमत असूनही डॉक्टर कुठल्या भेटीत अस्वस्थ होते हे रुग्णाच्या उत्तरावरून अजिबात ओळखता येत नाही. (टक्केवारी एका बाजूला इतकी झुकलेली असली की कप्पा तशीही खाली पडते, हे तिचं ठाऊक असलेलं वैगुण्य. म्हणून नुसती कप्पा छापू नका, पूर्ण तक्ता छापा.)

माझा सगळा जीव त्या एका खान्यात अडकतो: रुग्ण खूश, डॉक्टर नाही. पाचच भेटी. सरासरीत त्या विरघळून जातात. पण लॅकमन न करता आलेली ती कबड्डीपटू असलीच तर ती याच खान्यात असणार. तिला बरं वाटलं, डॉक्टरांच्या मनात किंतु राहिला. त्या पाच जणांचं पुढे काय झालं, प्रत्यक्ष तपासणीत निदान बदललं का, एमआरआय निघाला का, उपचाराला किती उशीर झाला, हे शोधणारा पेपर शंभर समाधानी लोक मोजणाऱ्या पेपरापेक्षा जास्त काही सांगतो. त्यासाठी मात्र रुग्ण आणि डॉक्टरांचे फॉर्म भेटीनुसार जोडलेले असावे लागतात. बऱ्याच अभ्यासांत डॉक्टरांना एकदाच, महिन्याच्या शेवटी, ‘एकंदरीत कसं वाटलं’ असं विचारलेलं असतं. आठ-दहा डॉक्टरांचं एकंदरीत मत आणि तीनशे रुग्णांची प्रत्येक भेटीची उत्तरं शेजारी ठेवून तुलना करणं चूक आहे, मग आलेख कितीही सुंदर काढा.

तुम्ही हे मराठीत करणार असाल तर

तयार साधनं आहेत. पिट्सबर्ग विद्यापीठातून २०१६ मध्ये आलेली टेलिहेल्थ युजेबिलिटी क्वेश्चनेअर २१ प्रश्नांची आहे आणि ती उपयुक्तता, वापरातली सोय, संवादाचा दर्जा, भरवसा वगैरे गोष्टी वेगवेगळ्या विचारते. तिचं मराठी भाषांतर करायचं तर एकाने मराठीत, दुसऱ्याने न बघता परत इंग्रजीत, मग दोन्ही ताडून पाहणं आणि दहा-बारा खऱ्या रुग्णांना वाचायला देणं, एवढं किमान लागतं. या शेवटच्या पायरीत सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. ‘समाधानी’ हा शब्द गावाकडच्या माणसाला ‘देवाच्या कृपेने समाधानी आहे’ असाही लागतो! मी असतो तर तो शब्दच टाळला असता आणि थेट विचारलं असतं: पुढच्या वेळी व्हिडिओवर दाखवाल की दवाखान्यात जाल? डॉक्टरांनी न तपासता राहिलं असं काही वाटतं का?

एका प्रश्नात दोन प्रश्न घुसवू नका. ‘डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि व्यवस्थित तपासलं का?’ याला ऐकून घेतलेला पण न तपासलेला माणूस काय उत्तर देणार? आपल्या विषयात तर तोच माणूस आपल्याला शोधायचा आहे.

उत्तर कोण देतंय हेही नोंदवा. शालेय कबड्डी-खो-खो खेळणारी बरीच मुलं अठरा वर्षांखालची असतात, आणि आपल्या गाइडलाइन्सप्रमाणे अल्पवयीन मुलाचा टेलिसल्ला सोबत मोठं माणूस असेल तरच, त्यांची ओळख पटवून होतो. फोन बाबांचा, लिंक बाबांच्या व्हॉट्सॲपवर, फॉर्म बाबा भरणार. एसटीचं भाडं आणि रजा वाचल्याचं समाधान बाबांचं. गुडघा मुलीचा. दोघांसाठी वेगळे प्रश्न ठेवा. मुलीचा फॉर्म भरून घेताना तिची संमती आणि पालकांची परवानगी दोन्ही लागतील.

आणि फॉर्म कधी भरून घ्यायचा? एक त्याच दिवशी, दुसरा सहा आठवड्यांनी, त्यात निदान बदललं का आणि प्रत्यक्ष कुठे दाखवलं हे दोन प्रश्न. आपल्याकडे रुग्ण सहा आठवड्यांत डॉक्टर बदलतात, गावातल्या हाडवैद्याकडेही जातात, ते तुमच्या क्लिनिकच्या रेकॉर्डमध्ये दिसणार नाही. त्यासाठी फोनच करावा लागतो. एथिक्स कमिटीच्या अर्जात हा दुसरा फोन पहिल्यापासून लिहा, संमतीपत्रातही घाला. नंतर सुचलं तर दुरुस्ती अर्ज, पुन्हा बैठकीची वाट आणि तोवर तुमचे पहिले पन्नास रुग्ण सहा आठवड्यांच्या पुढे निघून गेलेले असतात.